प्रतिमा कुठे आहे, काका विचारतात

ताई, नमस्कार.

मी दांडिया बाजारात राहते, नोकरी करते आणि जमेल तशा कविता लिहिते. महिन्यातल्या एका रविवारी आमच्या ओळखीतली कविता लिहिणारी मंडळी कुणाच्या तरी घरी जमतात. त्यात एक ज्येष्ठ काका आहेत. भरपूर वाचलेले, मनानं चांगले. पण मी कविता वाचली की डोळे न उघडताच म्हणतात, "हे विधान झालं. प्रतिमा कुठे आहे?" माझी भाची फाइन आर्ट्सला आहे. तिचं नेमकं उलटं. "मावशी, जे झालं ते सरळ लिही ना. सजावट कशाला?"

गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं सावरलं, उजवा हात मात्र गेला. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपच्या ऑफिसात त्यांनी जन्म काढला. आता पेन्शनच्या खात्यावर सही करता येईना, म्हणून त्यांना रिक्षातून बँकेत नेलं आणि डाव्या हाताचा अंगठा दिला. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात. एक बँकेतलेच साहेब झाले. दुसरे बाबांचे वर्कशॉपमधले जुने मित्र, ते पासबुक भरून घ्यायला आले होते. त्यांचाच हात इतका कापतो की सही रेकॉर्डशी जुळेना, पुन्हा करावी लागली. त्या रात्री मी हे लिहिलं:

बाबांनी आज बँकेत
अंगठा दिला.
बाई म्हणाली, पुसायला
कागद तिकडे आहे.
बाबांची सही
सगळ्या ऑफिसात सुंदर होती.
म्हातारपण किती लाचार असतं,
माणसाच्या हातात काहीच नसतं.

काकांनी नेहमीचंच विचारलं. मग महिनाभर बसून मी ती अशी केली:

काळाच्या निळ्या शाईत
बुडालेला राजहंस
विसरला आहे आपलेच पंख.
अक्षरांचे अरण्य
मौनाच्या काठावर
पानगळ झेलत उभे.

काका म्हणाले, "आता जमतंय." मला बरं वाटलं. घरी येऊन बाबांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "कोण गेलं गं?"

कुणाचं ऐकू? मला प्रतिमा सुचतच नसतील तर मी कविता लिहावी का? रविवारी जाणं बंद करावं असंही मनात येतं. नाव छापू नये ही विनंती.

एक वाचक, बडोदे

* * *

रविवारी जाणं बंद करू नका. आपल्या बडोद्यात दुकानाची पाटी गुजराती, ऑफिसातली चिठ्ठी इंग्रजी, मुलं आपसात हिंदीत भांडतात. अशा गावात चार माणसं सुट्टीच्या दिवशी मराठी कविता ऐकायला बसतात आणि त्यातला एक जण डोळे मिटून ऐकतो, ही चैन सोडायची नसते. तो प्रश्न इथेच मिटला. प्रतिमा सुचत नाहीत म्हणून लिहिणं सोडावं का, तर तेही नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आता कवितेकडे वळू. काकांच्या कानाला काहीतरी खटकलं, ते बरोबर खटकलं. का खटकलं हे सांगताना मात्र त्यांनी ठेवणीतला शब्द काढला, आणि तुम्ही त्या शब्दामागे महिनाभर धावलात. विधान म्हणून ते ज्याला नावं ठेवतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. "बाबांनी आज बँकेत अंगठा दिला" हे घडलेलं सांगणारं वाक्य. "म्हातारपण किती लाचार असतं" हा त्यावरून दिलेला निकाल. दोन्हींत प्रतिमा नाही, दोन्ही सरळच आहेत. पण पहिल्यानं मला बँकेत नेऊन उभं केलं आणि दुसऱ्यानं घरी पाठवून दिलं. निकाल लागल्यावर कोर्टात कोण थांबतं?

त्यातून शेवटची ओळ चलाख आहे. "हातात काहीच नसतं" म्हणताना तुम्हाला बाबांचा लुळा हातही सुचवायचाय, शिवाय असतं-नसतं असं यमकही जुळलंय. बैठकीत अशा ओळीला हमखास "वा" मिळते. ती तुमच्या हुशारीला असते, आणि तेवढ्या वेळात बाबा मागे पडतात.

मग त्या दोन ओळी काढून टाकल्या की झालं का? करून बघा. सहा ओळी उरतात आणि त्या जरा उघड्या पडल्यासारख्या वाटतात. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, म्हणून तर वरून निकाल ठेवला.

चौथी ओळ पुन्हा वाचा. "कागद तिकडे आहे." काउंटरवरची बाई काही वावगं बोललेली नाही. दिवसातून कितीदा तरी ती हे वाक्य म्हणत असेल. पण ज्याचा उजवा हात गेलाय आणि डाव्या अंगठ्याला शाई लागलीये, तो माणूस अंगठा पुसणार कुठल्या हातानं? पत्र वाचताना मी इथे थांबले. नुसती कविता वाचली असती तर थांबले नसते, कारण उजवा हात गेल्याचं कवितेत कुठेच नाही! तुम्हाला ते ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की लिहायचंच राहून गेलं. ज्याला ठाऊक नाही तो वाचक काय समजेल? एक वयस्कर गृहस्थ, सही सुंदर असूनही अंगठा का देतायत कोण जाणे, थकले असतील बिचारे. आणि मग "थकले असतील" एवढंच सांगायला शेवटच्या दोन ओळी पुढे सरसावतात.

तुमच्या कवितेत प्रतिमा कमी नव्हती, माहिती कमी होती. या सगळ्या वादात माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते तुमच्या कवितेपुरतं नाही. कविता फिकी वाटली की आपण लगेच उपमा शोधायला बाहेर पडतो. आधी बघावं, सांगायचं काही राहिलंय का. बहुतेक वेळा एखादी अगदी साधी गोष्ट राहिलेली असते: कोणता हात, किती वाजले होते, रिक्षाचे पैसे कुणी दिले.

दुसऱ्या रूपाचं परीक्षण बाबांनी तीन शब्दांत करून टाकलंय, त्यात मी फार भर घालू शकत नाही. तरी तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. राजहंस तुम्ही कधी पाहिलाय का? मी चित्रातच पाहिलाय. आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत. राजहंस तुमच्या कवितेत बँकेतून आला नाही, वर्कशॉपमधून आला नाही, तो इतर कवितांमधून आला. एवढ्या कवितांमधून उडत आलेला पक्षी दमलेलाच असणार.

त्याहून मोठी अडचण आहे ती जोड्यांची. काळाची शाई, अक्षरांचे अरण्य, मौनाचा काठ. कुठलाही न दिसणारा शब्द घ्या, त्याला '-चा-ची-चे' लावा आणि पुढे एखादी दिसणारी वस्तू ठेवा. वेदनेचे झाड, आठवणींचा पूल, एकांताची खिडकी. संध्याकाळपर्यंत पन्नास होतील, आणि कुठल्याही जोडीतली वस्तू उचलून दुसऱ्या जोडीत ठेवली तरी काही बिघडणार नाही. मौनाचे झाड, वेदनेचा पूल. बिघडत नाही, हीच तक्रार आहे. गंमत अशी की हा इशारा प्रतिमेच्या एका कट्टर पुरस्कर्त्यानंच देऊन ठेवलाय. अमेरिकी कवी एझ्रा पाउंडनं १९१३ साली शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात नवशिक्या कवींसाठी काय करू नये याची जंत्री दिली. तिच्यात "शांतीचे धूसर प्रदेश" या थाटाच्या शब्दप्रयोगाचं उदाहरण देऊन तो म्हणतो की असं लिहू नका, अमूर्ताची मूर्तात भेसळ केली की प्रतिमा बोथट होते. काका प्रतिमावाले असतील तर पाउंड त्यांच्याच घरचा. त्यांना हे जरूर दाखवा.

तुम्ही म्हणाल, मग नारायण सुर्व्यांचा "भाकरीचा चंद्र" कसा चालतो? तीच '-चा'ची जोड. चालतो, कारण भाकरीही दिसते आणि चंद्रही दिसतो. दोन्ही गोल, एक हाताला लागत नाही आणि दुसरीही लागत नाही. आणि त्याला लागूनच जिंदगी बर्बाद झाल्याचं सरळ, बोलीतलं विधान येतं, आडपडदा नाही. सुर्वे हे साधं लिहिणारे कवी म्हणून सगळ्यांना माहीत, आणि लोकांच्या तोंडी बसली ती त्यांची प्रतिमा! ती ज्या साध्या वाक्यात आहे त्यातून उपटून बघा, कॅलेंडरवरचा चंद्र होईल.

मर्ढेकरांचंही तसंच. नवकविता, म्हणजे मर्ढेकरांच्या वळणाची आधुनिक मराठी कविता, म्हटलं की काकांच्या डोळ्यांपुढे बहुधा पिपातले उंदीरच येत असतील. या प्रतिमेवरून त्या काळी किती रणं माजली! पण ती ओळ व्याकरणानं तपासा. "पिपांत मेले ओल्या उंदिर." कुठे मेले, कोण मेले. "माना पडल्या, मुरगळल्याविण." काय झालं, कसं झालं. त्यात जणू नाही, सारखे नाही, काळाचे उंदीर नाहीत. पंचनाम्यात शोभेल इतकं कोरडं विधान आहे. हादरा बसतो तो उंदरांमुळे जितका, तितकाच त्या कोरडेपणामुळे. तेव्हा प्रतिमा एका बाजूला आणि विधान दुसऱ्या बाजूला अशी वाटणी काकांनी कुठून आणली, मला कळत नाही.

खरं तर थोडंसं कळतं. काकांच्या वयाच्या माणसांनी शाळेत यमकात बांधलेला उपदेश ढिगानं पाठ केलेला असतो. सत्य बोलावे, आळस सोडावा, वेळ वाया घालवू नये. पुढे नवकविता हाती पडल्यावर त्यांना मोकळं वाटलं असणार, कारण इथे कुणी शिकवत नव्हतं, कुणी काहीतरी दाखवत होतं. आणि आपलं गाव त्या घडामोडीपासून लांब नव्हतं. १९४०च्या दशकात पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांचं 'अभिरुची' मासिक बडोद्याहूनच निघत होतं. कवी दिलीप चित्रे त्यांचे चिरंजीव, जन्म १९३८चा, इथलाच. काकांचा प्रतिमेचा आग्रह हा मुळात उपदेशाचा राग आहे. म्हणून तुमच्या "म्हातारपण किती लाचार असतं"नं त्यांचं डोकं उठलं. त्या रागाशी माझं भांडण नाही. रागाच्या भरात त्यांनी पहिल्या सहा ओळीही त्याच पोत्यात भरल्या, भांडण तिथे आहे.

हे भांडण आजचंही नाही. सातव्या शतकाच्या आगेमागे संस्कृतात भामह नावाचा काव्यशास्त्रकार होऊन गेला. त्यानं एक ओळ पुढे ठेवली: "गतोऽस्तमर्को भातीन्दुर्यान्ति वासाय पक्षिणः". सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतोय, पाखरं घरट्याकडे निघाली. आणि विचारलं, हे कसलं काव्य? याला वार्ता म्हणतात. तुमच्या काकांचे काका! दण्डी या दुसऱ्या काव्यशास्त्रकारानं 'काव्यादर्शा'त हीच ओळ घेतली आणि म्हटलं की वेळ कोणती, हे सांगायचं असेल तर हीही चांगलीच. जसं आहे तसं सांगणं याला दण्डी स्वभावोक्ती म्हणतो आणि अलंकारांमध्ये तिला पहिलं स्थान देतो. म्हणजे तुमच्या भाचीची बाजू घेणाराही तेव्हाच हजर होता.

पण मला सगळ्यात आवडतो तो नंतरचा, अकराव्या शतकातला मम्मट. 'काव्यप्रकाशा'त तो "सूर्य मावळला" एवढाच तुकडा उचलतो आणि हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय यावर त्यातून काय काय निघतं ते दाखवतो. शत्रूवर चाल करून जायची वेळ झाली. प्रियकराला भेटायला निघायला हवं. आता काम थांबवू या. संध्येला बसा. फार लांब जाऊ नकोस. गाई आत घ्या. विकायचा माल आवरा. तो अजून आला नाही. वाक्य तेच, त्यात एकही प्रतिमा नाही, आणि ऐकणारा बदलला की आतून निराळं काही निघतं. आपल्याकडे उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवताना गच्चीवर कुणी म्हणालं "सूर्य मावळला", तर पोरांना ऐकू येतं की आता पतंगाच्या दोरीला तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, चढवायचे. बोटं मांज्यानं कापलेल्या माणसाला ऐकू येतं की सुटलो एकदाचे. खाली उंधियूच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाईला ऐकू येतं की आता सगळे एकदमच जेवायला उतरणार. भामहाला वाक्य दिसलं, मम्मटाला माणसं दिसली.

आता तुमची काउंटरवरची बाई. "पुसायला कागद तिकडे आहे." कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, त्याच्या अंगात त्या वेळी काय उरलंय, हे वाचकाला कळलं तर या वाक्यापुढे राजहंसांचा थवा आणला तरी फिका पडेल. आणि ते कळायला उजव्या हाताची एक ओळ पुरे. ती अंगठ्याच्या आधी यायला हवी, नंतर आली की खुलासा होतो.

भाचीला मात्र एवढ्यात जिंकल्यासारखं वाटू देऊ नका. सरळ लिही, हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. फोनवर फिरणाऱ्या कविता रोज दिसतातच. तू गेलीस, घर उरलं. नाती तुटत नाहीत, माणसं बदलतात. एकेका शब्दावर ओळ तोडलेली, खाली करड्या रंगाची खिडकी. त्यात प्रतिमा नसते हे खरं, पण घडलेलंही काही नसतं. तो नुसता निकाल असतो, खटला न चालवता लावलेला. कोणत्याही दुःखावर बसतो म्हणून पटापट पुढे पाठवला जातो. तुमच्या पहिल्या रूपातल्या शेवटच्या दोन ओळी याच जातीच्या आहेत, तेव्हा भाचीनं त्यांना सरळ म्हणून पास केलं असेल तर तिचंही चुकलं. शिवाय तिच्याच फॅकल्टीत शिकवून गेलेले गुलाममोहम्मद शेख चित्रकार तर आहेतच, गुजरातीतले नावाजलेले कवीही आहेत. त्यांचा 'अथवा' हा कवितासंग्रह तिला वाचायला द्या. प्रतिमांची अशी गर्दी की सरळवाल्यांना घाम फुटावा, आणि तरी सजावट म्हणायची हिंमत होत नाही.

दोन्ही एकत्र कसं नांदतं हे बघायचं तर लांब जायला नको. "जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले, तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा." लहानपणापासून इतक्यांदा म्हटलाय की ऐकूच येत नाही. एकदा थांबून बघा. सुरुवात सरळ विधानानं. मग अख्ख्या अभंगात एकच प्रतिमा, लोण्याची: "मृदु सबाह्य नवनीत, तैसे सज्जनांचे चित्त." आतून बाहेरून मऊ. छान आहे, गोड आहे, सगळे माना डोलावतात. आणि जरा पुढे तुकोबा म्हणतात, "दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी." पोटच्या पोराला जी माया, तीच घरातल्या गडीमाणसाला. इथे प्रतिमा नाही, अलंकार नाही, आणि हीच ओळ अंगावर येते. लोणी ऐकताना सज्जन कुणीतरी दुसरा असतो. ही ओळ ऐकताना आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला आठवतो. लोण्यानं माणसाला जवळ बसवून घेतलं आणि साध्या वाक्यानं त्याला धरलं. क्रम उलटा असता तर माणूस आधीच उठून गेला असता, असं मला वाटतं.

मग प्रतिमा लागते कधी? डॉक्टरकडे जाऊन बसा, तिथे कळेल. कसं दुखतं विचारलं की जन्मात कविता न वाचलेला माणूससुद्धा म्हणतो, सुया टोचल्यासारखं, आत कुणी पिळतंय, पायाला मुंग्या येतात, डोक्यात घण बसतात. कारण दुखणं त्याला एकट्यालाच कळतंय, डॉक्टरांना दाखवता येत नाही, आणि कळवल्याशिवाय तर गत्यंतर नाही. असं अडल्यावर प्रतिमा आपोआप येते, तिला पाचारण करावं लागत नाही. तुमच्या कवितेत बँक, अंगठा, शाई, कागद हे सगळं दिसणारं आहे. तिथे उपमा लागत नाहीत. न दिसणारी गोष्ट एकच आहे: तो हात बाबांना आतून कसा वाटतो. ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. बाबांना विचारा. बोलणं सावरलंय म्हणता, तर सांगतील. जड वाटतो, परका वाटतो, की दुसरंच काही, जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस आहे, त्यांच्या तोंडी एखादं यंत्र, एखादा सुटा भाग येईलही. आला तर ती तुमची प्रतिमा, काकांनाही मान्य होईल अशी. नाही आला तर राहू दे.

सहीबद्दलही थोडं. "सगळ्या ऑफिसात सुंदर होती" यावर माझा विश्वास बसतो, पण मला ती दिसत नाही. कुठल्या लिपीत करायचे बाबा सही? आपल्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरी मराठी, बाजारात गुजराती, रेल्वेचे कागद इंग्रजी आणि हिंदी. माणूस यातली एक लिपी स्वतःच्या नावासाठी निवडतो आणि मग चाळीस वर्षं सोडत नाही. शेवटचं अक्षर खाली ओढायचे का? खाली रेघ मारायचे का, दोन टिंबं द्यायचे का? जुनं पासबुक, तुमचं शाळेचं प्रगतिपुस्तक, कुठेतरी असेलच. काढून समोर ठेवा आणि जे दिसतं त्यातलं एक काहीतरी लिहा. सुंदर हा शब्द मग लागणार नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कवितेबाहेरच ठेवलीये. तो दुसरा साक्षीदार! हा माझ्या मित्राचाच अंगठा आहे असं लिहून द्यायला उभा राहिलेला माणूस, आणि त्याचीच सही त्याच्या रेकॉर्डशी जुळत नाही, पुन्हा करावी लागते. एका वर्कशॉपमधले दोघे जण, एकाच काउंटरवर. हे पत्रात तुम्ही दोन वाक्यांत सांगून टाकलंत, वाटेत सांगावं तसं, म्हणून ते इतकं नीट सांगितलं गेलं. कवितेत आणताना त्याला हात लावू नका. थरथरता काळ, कापऱ्या मैत्रीची रेषा असलं काही सुचलं तर हातातलं पेन खाली ठेवा. ते दोघे एकमेकांशी काही बोलले का? बोलले असतील तर तेवढं लिहा. नसतील तर सही पुन्हा केली एवढंच पुरे. याच कवितेत बसतं की त्याची वेगळी होते, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं याच कवितेत बसतं, आणि कविता त्याच्यावरच संपते, बाबांवर नाही.

येत्या रविवारी नवी वाचा. काकांनी पुन्हा तेच विचारलं तर वाद घालू नका, फक्त म्हणा, "काका, कोणत्या ओळीला?" पूर्ण कवितेवर शेरा मारणं सोपं असतं, एका ओळीवर बोट ठेवताना माणसाला ती ओळ पुन्हा वाचावी लागते. त्यांनी बोट ठेवलं तर नीट ऐकून घ्या, त्यांचा कान चांगला आहे. शेवटच्या दोन ओळींबद्दल ते बरोबरच होते.

दुसरं रूप मात्र फाडू नका. त्यात 'निळी' हा एक शब्द कामाचा आहे, पहिल्या रूपात शाईला रंगच नव्हता. फक्त वापरण्याआधी बँकेच्या त्या फॉर्मची झेरॉक्स सोडून मूळ कागद एकदा बघून घ्या. स्टॅम्प पॅडची शाई पुष्कळदा जांभळी असते.